२० इंची काठवटीसाठी जमिनीवर उभा राहणारा टूल रेस्ट

आत्याला भाकरीचं पीठ मळायला काठवट हवी होती. जुन्या घरातली तासून कोरलेली काठवट वाळवीनं खाल्ली होती, आणि मी लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकडाचे वाडगे कातायला लागल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. माप तिनं हातानंच दाखवलं. टेपनं मोजलं तर २० इंच! माझ्या लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या आडव्या रुळांवर, फार फार तर १४ इंचांचा तुकडा फिरतो. हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा डोक्याकडचा भाग) वळवून तुकडा बेडच्या बाहेर घेता येतो, पण मग हत्यार टेकवायचं कशावर? बँजो, म्हणजे बेडवर सरकणारा रेस्ट धरायचा भाग, तिथपर्यंत पोचतच नाही.

त्यासाठी जमिनीवर स्वतंत्र उभा राहणारा टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, लागतो. मी दोन बनवले. पहिला भंगारात गेला, दुसरा आजही कामात आहे. पहिल्यात जे चुकलं ते तुमच्या हातून चुकू नये, म्हणून हे सगळं लिहितोय.

## १. आधी बघा, तुम्हाला तो लागतो का

लेथच्या स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) केंद्रापासून बेडपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. तेवढ्या व्यासापेक्षा थोडं लहान काम बेडवर होतं. प्रत्यक्षात बँजोची जाडी खाली आडवी येते, त्यामुळे अजून इंचभर सोडून द्या. काम त्यात बसत असेल तर हा लेख इथंच मिटवा.

हेडस्टॉक वळत असेल तर सगळ्यात सोपं. तो स्थिर असेल आणि स्पिंडलच्या डाव्या टोकावर काम करायचं असेल, तर दोन गोष्टी बघून घ्या. एक, त्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणून फेसप्लेटही (लाकूड जिच्यावर बसवतात ती चकती) उलट्या आट्यांची लागते. दोन, त्या बाजूनं वाडग्याच्या तोंडासमोर उभं राहिलं की लाकूड तुमच्या उजव्या हाताला खाली येतं, त्यामुळे हाताची सवय बदलावी लागते. सोय म्हणून मोटर उलटी फिरवायचा मोह होतो. पण सरळ आट्यांवरची फेसप्लेट उलट फिरवली तर ती सुटून येऊ शकते. तिला लॉक करणारा स्क्रू नसेल तर हे करूच नका.

लेथचा सगळ्यात कमी वेगही तपासा. व्यास इंचात घेऊन त्याला आरपीएमनं (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणायचं, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं, असा कातकामातला ढोबळ नियम आहे. २० इंचांना ३०० ते ४५० आरपीएम येतात. ४०० ला त्या तुकड्याची कड ताशी सुमारे ३८ किलोमीटरनं धावते. ओल्या आंब्याचा ४ इंच जाडीचा असा तुकडा १८-२० किलो भरतो. तुमची लेथ ६०० च्या खाली येतच नसेल, तर टूल रेस्टच्या आधी पुलीचा किंवा मोटरचा विचार करा.

## २. वजन नव्हे, पाय

हा भाग नीट वाचा. पुढचं वेल्डिंग कुणीही करून देईल.

मी कोल्हापूरचा. लोखंड, ओतकाम, भंगार यांची इथं वानवा नाही. पहिल्यांदा मी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणला, त्यावर पाइप उभा केला, वर १० इंचांचा आडवा हात आणि त्या हाताच्या टोकाला रेस्ट. ड्रमखाली १२ इंच व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट लावून पाय केले. सगळं मिळून ५० किलो. हलवून बघितलं, जागचा हलेना. मी खूश.

आंब्याचा १६ इंची वाडगा लावला. बाहेरची बाजू छान निघाली. आतून कातताना गोल पटाशीचं टोक जरा जास्त आत गेलं आणि लाकडानं तिला खाली ओढलं. असा झटका प्रत्येकाला कधी ना कधी बसतोच. बेडवरचा रेस्ट असता तर लाकडात एक खड्डा पडून भागलं असतं. इथं अख्खा स्टँड वाडग्याकडे कलला, रेस्ट फिरत्या कडेवर आपटला आणि कडेचा तळहाताएवढा तुकडा उडून भिंतीवर गेला. तोंडावर फेसशील्ड होतं आणि मी फिरत्या कडेच्या रेषेत उभा नव्हतो. दोन्ही गोष्टी आपसूक सवयीनं झाल्या होत्या, नशीब.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. चार पाय १२ इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे मधोमधपासून दोन पायांना जोडणाऱ्या रेषेचं अंतर जेमतेम सव्वाचार इंच. रेस्ट १० इंच बाहेर, म्हणजे त्या रेषेच्या पावणेसहा इंच पलीकडे. तराजूसारखं बघा: अलीकडे ५० किलो सव्वाचार इंचांवर, पलीकडे माझा झटका पावणेसहा इंचांवर. सुमारे ३७ किलोचा दाब आला की स्टँड उलटणार. हत्यार अडकलं की एवढा दाब क्षणात येतो. वजन दुप्पट करून १०० किलोचा राक्षस केला असता, तरी ७४ किलोला तो उलटलाच असता.

कातताना जोर मुख्यतः खाली येतो. तो जिथं टेकतो तो बिंदू पायांच्या आतल्या जागेत पडला, तर स्टँड उलटायचं कारणच उरत नाही, मग तो ३५ किलोचा का असेना. म्हणून:

- पाय तीनच. चार पायांचं काहीही आपल्याकडच्या कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही.
- पाय लांब. तीन पायांत एक मेख आहे: दोन पायांच्या मधल्या बाजूला आधार निम्माच असतो. २० इंचांचे पाय असले तर त्या बाजूला १० इंचच मिळतात.
- आडवा हात नको. रेस्टचा दांडा सरळ खांबातच उतरवा. आत पोचायला वळणाचा रेस्ट करायचा, तो ६ इंचांपेक्षा जास्त बाहेर काढायचा नाही. १० च्या आत ६, म्हणजे रेस्टचा मध्य कुठंही वळवला तरी आधाराच्या आतच.

२० इंची पाय पायात येतील असं वाटतं. एक पाय वाडग्याखाली सारायचा, उरलेले दोन तुमच्या डाव्या-उजव्या हाताला. त्या दोघांच्या टोकांमध्ये ३४ इंच जागा उरते. निवांत उभं राहता येतं.

## ३. सामान

- ३ इंची (८० एनबी) काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, सी क्लास, साधारण मीटरभर. सी क्लासवर लाल पट्टा असतो. मीटरला १० किलोच्या आसपास भरतो.
- ७५ × ४० चा चॅनल, दीड मीटर
- १० मिमी प्लेट, ६ इंच चौकोन. ६ मिमी प्लेटचे सहा त्रिकोणी गसेट (जोडाला आधार देणारे तुकडे)
- ६० मिमी व्यासाचा गोल बार, १५० मिमी लांब, बुशसाठी (दांडा ज्यात सरकतो तो तुकडा)
- ३० मिमी ब्राइट बार, रेस्टच्या दांड्यांसाठी
- एम१६ चे तीन लांब बोल्ट, प्रत्येकी दोन नट
- एम१२ चा एक बोल्ट, त्याला आडवी मूठ वेल्ड करून. पितळेचा छोटा तुकडा
- ५० × १२ ची पट्टी, २२ मिमी गोल बार, १० मिमीचा कडक रॉड
- चाळलेली, वाळवलेली वाळू, पाच-सहा लिटर

जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, त्यानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. घेतलाच असेल तर वेल्डच्या जागेचा मुलामा आधी ग्राइंडरनं पूर्ण काढा आणि काम उघड्यावर करा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले बहुतेक किलोवर पैसे लावतात. माप घालून चित्र काढून न्या. मी पहिल्यांदा तोंडी सांगायला गेलो, तर वेल्डर मामा म्हणाले, "पावणं, कपडे वाळत घालायचा स्टँड हाय का हो?" कागद दाखवल्यावर मात्र त्यांनीच दोन सुधारणा सुचवल्या. त्यातली एक पुढे सांगतो.

## ४. उंची काढा

जमिनीपासून स्पिंडलच्या केंद्रापर्यंत मोजा. लेथ नेहमीच्या जागी असताना, हेडस्टॉक वळवलेल्या स्थितीत आणि स्टँड जिथं उभा राहणार तिथल्या फरशीपासून. माझ्याकडे ते १०८० मिमी आलं.

रेस्टची वरची कड गोल पटाशीसाठी केंद्राच्या १०-१५ मिमी खाली लागते, म्हणजे धार बरोबर केंद्रावर येते. स्क्रेपरनं (खरवडायच्या सपाट हत्यारानं) आतून घासताना धार केंद्राच्या किंचित वर हवी, बाहेरून घासताना किंचित खाली. एवढी वरखाली पुरते. म्हणून खांबाचा माथा केंद्राच्या १२० मिमी खाली ठेवा: माझा ९६० वर आहे. त्यातून वरच्या प्लेटचे १० आणि पायातल्या बोल्टचे २५ वजा केले की पाइपची लांबी ९२५.

खांब बुटका आणि दांडा लांब असं करू नका. दांडा खांबाबाहेर जितका जास्त निघेल तितका तो थरथरतो, आणि हे प्रमाण सरळ नाही. बाहेर निघालेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोरानं तो आठपट वाकतो. दांडा ३० मिमी घ्यायचं कारणही हेच. २५ च्या तुलनेत तो दुपटीनं ताठ असतो. लेथसोबत आलेले जुने रेस्टही इथं वापरायचे असतील तर उभी चीर मारलेली एक बाही करून घ्या. पण त्यांचा दांडा आधी व्हर्नियरनं मोजा. काही २५ मिमी असतात, काही एक इंच म्हणजे २५.४. या ०.४ मिमीपायी माझी एक फेरी फुकट गेली.

## ५. बुश: क्रम चुकवू नका

बुश म्हणजे ज्या भोकात दांडा सरकतो तो तुकडा. साहजिक क्रम असा वाटतो की आधी टर्नरकडून ३० मिमीचं भोक पाडून घ्यावं, मग बुश प्लेटला वेल्ड करावा. तसं केलं की वेल्डच्या उष्णतेनं भोक आवळतं आणि दांडा अर्ध्यात अडकतो.

मामांची सुधारणा इथं होती. बार आधी प्लेटमध्ये वेल्ड करा, ११० मिमी खाली आणि ४० मिमी वर राहील असा. गार होऊ द्या. मग तो जोड टर्नरकडे नेऊन भोक पाडून घ्या आणि सोबत दांड्याचा बार द्या, "हा हातानं सरकला पाहिजे, पण डगडगायला नको" एवढंच सांगा. त्यानंतर प्लेटची बाहेरची कड पाइपला वेल्ड करायची. ती भोकापासून लांब असल्यानं भोकाला धक्का लागत नाही.

वरच्या ४० मिमी भागात एम१२ चे आटे पाडा. बोल्ट थेट दांड्यावर आवळला तर दांड्यावर खळगे पडतात आणि पुढच्या वेळी रेस्ट त्याच खळग्यात जाऊन बसतो. मध्ये पितळेचा तुकडा टाका. दांड्यावर एक सुटी कॉलरही (आवळता येणारं कडं) चढवा, लॉक सुटलं तरी रेस्ट खाली कोसळत नाही, आणि रेस्ट फिरवताना उंची पुन्हा लावत बसावं लागत नाही.

## ६. पाय जोडणे

चॅनल उपडा ठेवा, पाठ वर. त्यामुळे पाय फक्त ४० मिमी उंच राहतो. पायाच्या टोकातला बोल्ट खांबाच्या मध्यापासून २० इंचांवर आला पाहिजे. तेवढी लांबी धरून चॅनल कापा आणि खांबाच्या बाजूचं टोक पाइपच्या गोलाईला घासून बसवा.

फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढा, त्रिज्येच्याच अंतरानं परिघावर सहा खुणा करा, एक सोडून एक घ्या: १२० अंश मिळाले. खांब मध्ये उभा करून दोन बाजूंनी ओळंबा धरा. आधी तिन्ही पायांना फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारा. एका पायाचं पूर्ण वेल्डिंग उरकून दुसऱ्याकडे गेलात तर खांब पहिल्याकडे ओढला जाईल. थोडं इथं, थोडं तिथं, मध्येमध्ये ओळंबा. प्रत्येक पायाला दोन्ही बाजूंनी गसेट.

टोकांना भोक पाडून एम१६ चे नट वेल्ड करा. खालून बोल्ट, वरून चेकनट (बोल्ट ढिला पडू नये म्हणून दुसरा नट). पाणसळ वरच्या प्लेटवर ठेवून तिन्ही बोल्ट जुळवा. बोल्टच्या डोक्याखाली जाड रबर लावू नका, स्टँड उसळतो. गुळगुळीत फरशीवर सरकत असेल तर जुन्या ट्यूबचा एकेरी तुकडा पुरे.

## ७. वाळू

रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो, आणि तीच थरथर लाकडावर बारीक लाटा उमटवते. वाळू भरली की आवाज बसतो. पण वाळू सगळं वेल्डिंग झाल्यावरच भरा, बुश आणि पाइप यांच्या मधल्या जागेत प्लेटला बोल्टचं भोक ठेवून. ओली वाळू आत बंद करून बाहेरून वेल्ड केलं तर वाफ कोंडून पाइप फुटू शकतो.

पाइपमध्ये साधारण ७ किलो वाळू जाते. ओतताना हातोडीच्या दांड्यानं ठोकत राहा, पातळी खाली बसत जाते. पाइपचा तळ आणि बुशचं खालचं तोंड आधी झाकायला विसरू नका. मी विसरलो होतो.

एवढ्यानं स्टँड सुमारे ३५ किलोचा होतो. खांब कलवून एका पायावर चालवत नेता येतो. मोठ्या कामाला तुमच्या बाजूच्या दोन पायांवर वाळूची एकेक पिशवी टाका, सिमेंटच्या पोत्यात निम्मी भरलेली.

## ८. वरचे दोन रेस्ट

सरळ रेस्ट १० इंचांचा करा. त्याहून लांब केला तर एकाच दांड्यावर टोकं लवतात. ५० × १२ ची पट्टी दांड्यावर किंचित तिरकी, लाकडाकडे झुकलेली वेल्ड करा, मागून गसेट द्या. वरच्या कडेला १० मिमीचा कडक रॉड बसवा. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये डोकं ज्यावर सरकतं तो रॉड या कामाला झकास असतो. त्याला खालून तीन-चार छोटे टाके किंवा चांगला इपॉक्सी. सलग वेल्ड केलं तर त्याचा कडकपणा जातो. रॉड नाही मिळाला तर साधी पट्टीच कानसून गुळगुळीत करा, पण दर महिन्याला कानस मारावी लागेल, कारण पटाशीच्या कोपऱ्यांनी तिला खाचा पडतात.

वळणाचा रेस्ट आतल्या बाजूसाठी. २२ मिमीचा बार लोहाराकडे तापवून वाकवून घ्या. पुठ्ठ्यावर वाडग्याच्या आतल्या वळणाचा नमुना कापून न्या, म्हणजे बोलणं वाचतं. काठवट उथळ असते, तिला हलकं वळण पुरतं.

## ९. पहिल्यांदा चालवताना

मोटर बंद ठेवून लाकूड हातानं पूर्ण एक फेरा फिरवा. ओबडधोबड तुकड्याचं एखादं टोक रेस्टला लागतंच. बोटभर फट ठेवा, आणि लाकूड कातून मागे गेलं की मोटर बंद करून रेस्ट पुढे घ्या. फट वाढत जाते तसं हत्यार रेस्टच्या पुढे जास्त लांब लोंबतं आणि झटक्याचा जोर वाढतो.

सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. ओबडधोबड, तोल न आलेला तुकडा फिरत असताना मोठ्या लेथही जागच्या सरकायला लागतात. लेथ सरकत असेल तर वेग कमी करा, स्टँड आवळून उपयोग नाही. फेसशील्ड हवंच. बाह्या वर, हातमोजे नाहीत.

हत्यार टेकवून एक हात खांबावर ठेवा. खांब गुणगुणला तर बहुतेक वेळा लॉकचा बोल्ट ढिला असतो, नाहीतर एखादा चेकनट. लाकडावर लाटा उमटतायत पण खांब शांत आहे, तर दोष धारेचा. पटाशी घासून या.

शेवटी रंग. रेड ऑक्साइड मारा, पावसाळ्यात आमच्याकडे आठ दिवसांत तांबूस पडतं. दांड्याला आणि रेस्टच्या वरच्या कडेला रंग नको, तिथं मेणबत्ती घासा, हत्यार लोण्यासारखं सरकतं. ओल्या आंब्या-बाभळीत काम झालं की रेस्ट लगेच पुसा, लोखंड आणि ओलं लाकूड भेटलं की लाकडावर काळे-निळे डाग पडतात, आणि पांढऱ्या आंब्यावर ते फार दिसतात. आणि पायांची टोकं पिवळी रंगवा. काम संपवून दिवा बंद केला की दाराकडे जाताना नडगी नेमकी तिथंच बसते.